जॉर्जच्या बिल्डिंगची खोटी खिडकी

सर, घाटकोपरची आपली बिल्डिंग पाडायची की ठेवायची, हे येत्या रविवारी भाडेकरूंच्या सभेत ठरणार आहे, आणि ती ठेवावी म्हणून बोलायला मला बोलावलंय. आयुष्यभर मी बोलतच आले. मोर्च्यांत, सभागृहांत, कोर्टाच्या पायऱ्यांवर. आता माईक समोर आला की आधी खुर्ची शोधते.

बाजारात अजून तिला ‘जॉर्जची बिल्डिंग’च म्हणतात. दोष तुमचा. खालच्या किराणावाल्याला तुम्ही एकदा समजावलंत की ही जॉर्जियन पद्धत, विलायतेत जॉर्ज नावाचे राजे एकामागून एक झाले, त्या काळात तिथल्या पेठांतून अशा इमारती उठल्या. तो म्हणाला, “म्हणजे आपलं भाडं त्या जॉर्जशेठला जातं काय?” नाव चिकटलं ते चिकटलंच. मूळ मालक कापडाचा व्यापारी. बिस्किटांच्या डब्यावरचं विलायती बाजाराचं चित्र त्याने कंत्राटदारापुढे ठेवलं आणि म्हणाला, अगदी असंच बांध. हे तुम्ही सांगायचात. खरं की तुमची थाप, मी कधी विचारलं नाही. खाली दुकानं, वर बिऱ्हाडं, विटांची सपाट दर्शनी भिंत, मधल्या दारावर अर्धगोल काच, माथ्यावर त्रिकोण, आणि दोन्ही अंगांना तंतोतंत सारख्या खिडक्या. वक्तृत्व शिकायला आलेल्या प्रत्येकाला तुम्ही आधी रस्त्यापलीकडे उभं करून हे सगळं दाखवायचात, मगच वर न्यायचात.

मी शिकायला येत होते तेव्हाची एक दुपार. वर तुमच्या खोलीत भर दुपारी दिवा जळतोय. काकू त्याच्याखाली तांदूळ निवडतायत आणि मी हात उगारून स्पर्धेचं भाषण म्हणतेय. संपल्यावर तुम्ही विचारता, “खालून खिडक्या किती मोजल्यास?” सहा, मी म्हणते. “मग आमच्या वाटची शोध बघू.” मी बघते, तर तिथे नुसती भिंत. “वरचा भार पेलायला इथे भिंत भरीव लागली. पण बाहेर जोडी जुळायला हवी ना, म्हणून बाहेरून चौकट अन् झडपा बसवल्या. तुझं भाषण तसंच आहे बघ. रस्त्यावरून झकास दिसतंय.” काकू तुमच्यावर उखडतात, “पोरीचा घाम तरी पुसू द्या. तू पोहे खा गं, ह्यांना घरात खिडकी नाही म्हणून सगळ्यांच्यात शोधत बसतात.” पोहे खाल्ले, पण तुमच्याशी महिनाभर बोलले नाही.

परवा काकूंना भेटायला गेले. तुम्ही गेलात, पण खोली तीच, दिवा तसाच भर दुपारी जळतोय. नव्वदीकडे झुकल्यात. मी त्यांना या बिल्डिंगचा इतिहास सांगायला लागले, अशी दुसरी आपल्या उपनगरात सापडणार नाही वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं.

“बिल्डिंग ठेवायची म्हणजे ही बिनखिडकीची भिंत पण राहणार?”

“राहणार.”

“फोडता नाही यायची?”

“नाही काकू. भार आहे.”

“मग तू बोल बाई रविवारी. लोक तुझं ऐकतात. पण मला नव्या जागेत खिडकी देतायत गं, खरीखुरी. मी आपली पाडायच्या बाजूनं सही करणार.”

त्या रागावल्या नव्हत्या. तांदळाचं ताट डोळ्यांजवळ धरून त्या बोटांनी चाचपडत खडे शोधत होत्या.

खाली आले आणि सवयीने रस्ता ओलांडून मागे वळून पाहिलं. संध्याकाळच्या उन्हात विटा लाल झाल्या होत्या. अजूनही सुंदर आहे हो, सर. ही गेली की तिथे काचेचं काहीतरी उभं राहील, ते मला बघवणार नाही. खिडक्या मोजल्या. आत जाऊन आले होते, तरी सहाच भरल्या.

हे पत्र टाकायचं तरी कुठे? तुमचा पत्ता म्हणजे तीच खोली, आणि काकूंना ते दिव्याखाली डोळे ताणून वाचावं लागेल. म्हणून इथेच ठेवते. घसा बसलाय, रविवारी बोलता येणार नाही, असं मी आज सकाळी कळवून टाकलं.

सर, घसा चांगला आहे.