जननीने पाना चोरला

७ मार्च, शुक्रवार
बाजूच्या कृष्णवेणी अक्कांची शेळी काल व्याली. शेळीचं नाव जननी. पिल्लू जवळ आलं की जननी लाथ मारते. नावावर जाऊ नये.

पिल्लू उपाशी. गेल्या वर्षीचं असंच गेलं, म्हणून अक्का याला नाव द्यायला तयार नाहीत. नुसतं कुट्टी म्हणतात, म्हणजे पिल्लू. आवडी नावाच्या या तमिळ गावातल्या आमच्या क्वार्टर्समध्ये ॲनिमल्समधलं कळणारा मी एकटाच (तीन व्हिडिओ बघितलेत). चार्ज घेतला.

संध्याकाळी
मेडिकलमधून बॉटल आणली. कुट्टीने निप्पल चावलं. दूध माझ्या शर्टवर. थोडं पोटातही गेलं असणार. प्रोग्रेस.

८ मार्च, शनिवार
पहाटे उठून फीड द्यायचं ठरलं होतं. अलार्म वाजला असं अदिती म्हणते. वाजला असेल, पण तिच्या रूममध्ये. सिस्टर असून उठवायला काय झालं?

उशिरा गेलो. कुट्टीने बॉटलकडे पाठ केली. सेल्फ-रिस्पेक्ट आहे त्याच्यात.

आई पण बघून आली. बाबांना सांगत होती, "ती शेळी पान्हा चोरतेय."

मी लगेच टूलबॉक्स उघडला. बाबांचा मोठा पाना खरंच गायब. शेळ्या काहीही खातात. पोटात लोखंड गेल्यावर दूध कुठून येणार? सगळं फिट बसतंय.

अक्कांना तमिळमध्ये समजावलं की जननीने स्पॅनर गिळलाय. अक्कांनी लगेच जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला.

दुपारी
डॉक्टरांनी जननीचं पोट दाबून बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. पाना नाही म्हणाले. पण कास एका बाजूने सुजून दगड झालीय. इन्फेक्शन. तोंड लागलं की दुखतं, म्हणून लाथा. इंजेक्शन दिलं. दुसऱ्या बाजूचं दूध चांगलं आहे, शेळीला धरून तिथेच पाजत राहा म्हणाले. अक्कांनी धरलं, कुट्टी प्यायला. चांगला पोटभर.

म्हणजे प्रॉब्लेम आहे हे मीच शोधलं. फक्त डिटेल्स वेगळे निघाले.

जेवताना आईने सांगितलं, पिल्लासाठी आईला दूध उतरतं त्याला पान्हा म्हणतात. चोरते म्हणजे सोडत नाही, धरून ठेवते. पाना स्कूटरच्या डिकीत होता. बाबा माझ्या इंग्लिश मीडियम शाळेच्या ग्रुप फोटोकडे बघत बसले.

९ मार्च, रविवार
जननीला बरं वाटतंय. आज धरावं लागलं नाही. अक्कांनी मला कॉफी दिली.

पण मी रिलॅक्स होणार नाही. इन्फेक्शन म्हणजे हायजीन. आणि कुट्टीला फार शेळीसारखा वास येतो. अक्का मार्केटला गेल्यावर त्याला मस्त अंघोळ घातली. अदितीचा स्ट्रॉबेरी शाम्पू, दोनदा. टॉवेलही तिचाच. एकदम टेडी बेअर.

१० मार्च, सोमवार
जननीने कुट्टीला हुंगलं आणि डोक्याने ढकलून दिलं. परत गेला, परत ढकललं. सूज तर उतरलीय. मूड स्विंग्ज असणार.

अदिती म्हणाली, तिचा शाम्पू मी शेळीला लावला हे कॉलेजमध्ये कळलं तर ती घर सोडून जाईल. सगळ्यांना स्वतःचंच पडलंय.

११ मार्च, मंगळवार
कुट्टी उठत नाही. बॉटल तोंडात धरली, चावलंसुद्धा नाही. अक्का त्याच्याकडे बघत नाहीत, अंगणच झाडतायत. झाडलेलं परत झाडतायत.

मीच डॉक्टरांना फोन केला. शाम्पूचं सांगायचं नव्हतं, पण त्यांनी विचारलं की तू नक्की काय काय केलंस. मग सांगितलं. ते म्हणाले, शेळी पिल्लाला वासाने ओळखते. तिच्यासाठी हे दुसऱ्याच कुणाचं तरी पिल्लू आहे. तिचं दूध काढून पिल्लाला पाजा, आणि तेच त्याच्या अंगाला चोळा.

व्हिडिओत हे नव्हतं.

अक्कांना जाऊन सांगितलं. त्या ओरडतील असं वाटलं होतं. ओरडल्या नाहीत. झाडू ठेवला आणि दूध काढायला बसल्या. मी चोळायला पुढे झालो, तर माझा हात बाजूला केला.

१२ मार्च, बुधवार
सकाळी कंपाउंडपाशी गेलो. कुट्टी उभा होता, पाय थरथरत होते. जननीने बराच वेळ हुंगलं. मग पाय जरा बाजूला घेतला. तो घुसला. शेपटी अशी हलत होती की बस.

मी गेट उघडायला गेलो तर अक्कांनी आतूनच थांबवलं. मला त्या तंबी म्हणतात, म्हणजे धाकटा भाऊ.

"तंबी, एक हेल्प कर. तो मोठा होईपर्यंत आत येऊ नको."

ओके म्हटलं. बाहेरूनच बघितलं. कुट्टीने एकदाही वर बघितलं नाही.

अदितीने विचारलं, काय रे डॉक्टर, पेशंट कसा आहे? चांगला आहे म्हटलं. मी लांब असल्यामुळे, हे तिला सांगितलं नाही.