कंट्रोलरचा निळा दिवा

६ जानेवारी, मंगळवार

जोडला जात नाही! अख्खी संध्याकाळ त्यातच गेली. टीव्हीला मागे जी स्टिक लावली आहे, तिच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘कंट्रोलर जोडा’ दाबायचं. मग ती शोधत बसते. इकडे कंट्रोलरचं मधलं बटण दाबलं की निळा दिवा लुकलुकतो, लुकलुकतो आणि विझतो. टीव्ही म्हणतो, काही सापडलं नाही. दोघं ठरवून छळतायत मला.

ही कल्पना भक्तीची. आबांना व्यायाम द्यायला येते ती फिजिओ. पक्षाघातानंतर आबांचा उजवा हात नुसता पडून आहे आणि वाचा तर पार गेली. रबरी चेंडू हातात दिला की खाली टाकतात – मुद्दाम. भक्ती म्हणाली, शलाकाबेन, घरात व्हिडिओ गेमचा कंट्रोलर असेल तर द्या. टीव्हीवर गाडी पळताना दिसली की माणूस हट्ट विसरतो आणि अंगठा हलवतो.

कंट्रोलर आहे आमच्या घरात. पण तो आबांच्या हातात द्यायचा म्हणजे आगीशी खेळ.

७ जानेवारी, बुधवार

केबल बदलली, रात्रभर चार्ज केला. तेच!

पण एक झालं. आबांनी तो टाकला नाही. मांडीवर ठेवून घेतला.

९ जानेवारी, शुक्रवार

कंट्रोलर पुसायला घेतला तर बटणांच्या फटीत कुंकू. दोन वर्षांपूर्वीच्या दसऱ्याचं.

आमच्याकडे दसऱ्याला पणजोबांची तलवार पाटावर मांडतात. पणजोबा संस्थानात शिलेदार. आबांनी जन्मभर रेल्वेच्या ऑफिसात फायली तपासल्या, तलवार वर्षातून एकदा हातात घेतली, ती पण पुसायला. पण तोरा सगळा त्या तलवारीचा! प्रतापसिंहरावांचा, म्हणजे आमच्या आबांचा, शब्द म्हणजे शब्द. त्या वर्षी माझ्या धाकट्या भावानं, पृथ्वीराजनं, तलवारीशेजारी हा कंट्रोलर ठेवला आणि त्याला कुंकू लावलं. पुण्यात गेम बनवणाऱ्या कंपनीत आहे तो. ज्यावर पोट चालतं त्याची पूजा करायची, एवढंच त्याच्या डोक्यात. आमचा टेलर नाही का मशीनला हार घालत? पण पाहुणे बसले होते आणि जयवंतकाका हसले. ते हसले नसते तर आबा गुरगुरून गप्प बसले असते, असं मला अजून वाटतं. आबांनी कंट्रोलर उचलून ओट्यावर भिरकावला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “मी जिवंत आहे तोवर या उंबऱ्याच्या आत पाय ठेवायचा नाही.”

पृथ्वी बॅग घेऊन गेला. ओट्यावर पडलेला कंट्रोलर मी उचलून कपाटात टाकला.

त्यानंतर त्यानं माझाही फोन कधी उचलला नाही. आबांना झटका आला तेव्हा मेसेज केला. वाचल्याची खूण आली, उत्तर नाही. आबांना उठवायचं, पुसायचं, भरवायचं मी. आणि अभिमान कुरवाळत बसायचं ह्यानं! मला त्याचा राग येतो. रोज येतो.

११ जानेवारी, रविवार

आज दिवा विझला नाही! लुकलुकला आणि एकदम स्थिर झाला. मी ओरडलेच. आबांनी मान वळवून पाहिलं.

टीव्हीवर मात्र काही नाही. शोधत आहे, शोधत आहे, सापडलं नाही. अरे, मग दिवा कशाला लावलास बाबा?

शेजारच्या जिजामावशींनी गव्हाची खीर पाठवली. आबांनी चार चमचे खाल्ली.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत, इथलं उत्तरायण. सगळी घडियाळी पोळ, आमची अख्खी गल्ली, गच्चीवर. सकाळपासून स्पीकर आणि पतंग कापला की ‘काप्यो!’च्या आरोळ्या. आबांना खिडकीशी बसवलं. पतंग बघत होते की नुसतं आभाळ, कळलं नाही.

जिजामावशींनी यंदा त्यांच्या गच्चीला कुलूप घातलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. म्हणे गुडघे दुखतात. गुडघे ह्यांचे आणि चढणार पोळीतली पोरं! विचारलं तर उंधियूचा डबा हातात देऊन दार लावून घेतलं. म्हातारपणी माणसं विचित्र होतात. आमच्याकडे तर एक आहेच.

दिवा आज पुन्हा स्थिर. टीव्ही पुन्हा ढिम्म. मलाही कंट्रोलर ओट्यावर फेकावासा वाटला. घराण्याचा गुण आहे.

१६ जानेवारी, शुक्रवार

लहरीपुऱ्यात मयंकभाईंच्या दुकानात दाखवून आणला. “बेन, आ तो एकदम सारो छे,” म्हणाले. बिघाड काही नाही. तो चालू झाला की आधी आपला जुना फोन शोधतो, ज्याला शेवटचा जोडला होता तो. फोन जवळपास असेल, मध्ये एखादी भिंत असली तरी, तर त्याला जाऊन चिकटतो आणि दिवा स्थिर राहतो. मग टीव्हीला तो दिसणार कसा? फोन नसेल तर लुकलुकून विझतो. उपाय सोपा – दोन बटणं एकदम दाबून धरायची. मग तो जुन्याला विसरतो आणि टीव्हीला जोडला जातो.

मी म्हटलं, जुना फोन माझ्या भावाचा आणि भाऊ पुण्यात. तर म्हणाले, मग दिवा स्थिर राहणारच नाही. पण राहतो ना! त्यांनी खांदे उडवले आणि दुसरं गिऱ्हाईक घेतलं.

घरी येऊन हे सगळं आबांना सांगत सांगत कपाटं उपसली. एखादा जुना फोन चालू राहिला असेल म्हणून. काही नाही. शेवटी म्हटलं, मरो, विसरायलाच लावू. दोन बटणांवर बोटं ठेवली आणि आबांनी माझं मनगट धरलं. डाव्या हातानं, घट्ट. सोडेचनात. कंट्रोलर काढून घेतला आणि छातीशी धरून बसले. त्यांच्या डोळ्यांकडे बघवेना.

१७ जानेवारी, शनिवार

उजवा अंगठा हलला! आबा स्वतः मधलं बटण दाबतायत. दाबतात, दिवा लुकलुकतो, विझतो. परत दाबतात. भक्ती इतकी खूश की तिनं फोनवर शूटिंग केलं. टीव्ही तर बंदच होता.

१८ जानेवारी, रविवार

दुपारी आबांनी बटण दाबलं. दिवा स्थिर. आणि आबा टीव्हीकडे नाही, भिंतीकडे बघत होते. जिजामावशींच्या आणि आमच्या मधल्या भिंतीकडे.

कुलूप. खीर. लावून घेतलेलं दार. मी चप्पल न घालता धावले.

मावशींनी अडवलं नाही. पदर डोळ्यांना लावून बाजूला झाल्या. आतल्या खोलीत भिंतीला पाठ लावून पृथ्वी बसला होता. शेजारी गादीवर फोन. झटक्याची बातमी कळल्यापासून सुट्टी मिळेल तेव्हा येतो. भिंतीतून आबांचा खोकला ऐकतो आणि परत जातो. मावशींना शपथ घातलेली. मी आधी त्याच्या एक थोबाडीत ठेवून दिली. मग रडले. मग परत भांडले.

“आबांनी शब्द परत घेतला की येतो, ताई.”

“त्यांना वाचा नाही, पृथ्वी.”

“मग मी कसा येऊ?”

बघा! उंबरा ह्याच्या बापाचा, हेका ह्याचा स्वतःचा, आणि मध्ये एक वीट जाडीची भिंत. त्याला गदागदा हलवावंसं वाटलं. पण मग सुचलं. तो इकडे येणार नसेल तर आबा तिकडे जातील! उंबऱ्याच्या आत यायचं नाही असा शब्द आहे, आबांनी बाहेर पडायचं नाही असा थोडाच आहे? आबांची खोली वर, लाकडी जिना अरुंद, खुर्ची उचलायला चार माणसं हवीत. भक्तीला फोन केला, उद्या सकाळी ती आणि पोळीतला लक्ष्मण आणखी दोघांना घेऊन येणार. पृथ्वीनं रजा वाढवली.

आबांना सांगितलं, उद्या जिजामावशींकडे जायचंय. कशाला ते सांगावं लागलं नाही. डाव्या हातानं कपाटाकडे बोट केलं. इस्त्रीचा पांढरा कुडता काढून खुंटीला लावला, तेव्हा कुठे बोट खाली आलं.

किती दिवसांनी मला कुणाचाच राग येत नाहीये.

१९ जानेवारी, सोमवार

चहा घेऊन गेले तर आबा गार पडले होते. कंट्रोलर उजव्या हातात. दिवा स्थिर.

खुर्चीसाठी बोलावलेल्या माणसांनीच त्यांना खाली आणलं. अंगात तोच कुडता घातला.

पृथ्वी ओट्यावर येऊन उंबऱ्यापाशी थांबला आणि माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, “ये. आता चालतं.”