शरणम्माच्या वेली

१२ जून
वही, माफ कर. फार उशिरा उघडतोय तुला. 

माझी बायको शरणम्मा परवा परसातून निघून गेली होती. हातात पूजेचा तांब्या, पायात काही नाही. मी सगळं रेणापूर पालथं घातलं. सापडली स्टँडवर, उदगीरच्या गाडीत, खिडकीशी बसलेली. कंडक्टरनं विचारलं, "मावशी, कुठलं तिकीट?" तर म्हणाली, "आईकडचं." तिची आई जाऊन किती वर्षं झाली!

लातूरहून महांतेश आला. आमचा एकुलता. "आप्पा, परसाला पक्कं कुंपण करा, न्हाईतर आईला मी फ्लॅटवर नेतो. तिसऱ्या मजल्यावरून कुठं जाईल?"

तिसऱ्या मजल्यावर ती करील काय? माती नाही, झाड नाही. आणि मी इथं एकटा काय करीन, ते कुणी विचारलं नाही.

१६ जून
खांब रोवले, जाळी ठोकली. एकदम चकचकीत. शरणम्मा आली, जाळीला दोन्ही हात लावून उभी राहिली. "मला कोंडलाव का हो?" एवढंच म्हणाली. जेवली नाही. मीही नाही.

१७ जून
कुंपण पाहिजे. पण दिसायला नको. कसं?

२० जून
सुचलं! कुंपण सरळ असलं की डोळ्यात खुपतं. सगळं उपसलं आणि पुन्हा रोवलं. आता जाळी लिंबामागून जाते, सीताफळाला वळसा घालते, पुन्हा आत येते — ओढ्याच्या काठासारखी. खांबांना मातीचा रंग. मधे मधे तुराट्यांचा कूड, मुद्दाम वर-खाली, वाकडातिकडा. बाहेरून अडुळसा, त्याला शेळी तोंड लावत नाही. बुडाशी दोडका, वाल, गोकर्ण, गुळवेल.

शेजारची सरजाबाई डोकावली. "धोंडप्पा, म्हातारपणी जंगल लावायलाव का?"
म्हटलं, हाव, वाघ पाळायचाय.
"वाघ हाय की घरात," म्हणाली, शरणम्माकडं बघून.
शरणम्मा हसली. किती दिवसांनी!

५ जुलै
गुळवेल धरली नाही तर? दोडक्याला कीड लागली तर? दिवसभर आत-बाहेर करतोय. आज गोकर्णीला म्हटलं, वाढ की गं माय. सरजाबाईनं ऐकलं. आता गावभर होणार.

२८ जुलै
वाढली! जाळी शोधून दिसत नाही. शरणम्मा सकाळी तिथवर जाते, निळी फुलं खुडते, महादेवाला वाहते. पुढं जात नाही. तिला वाटतं, परस तिथंच संपलं.

फाटक गोकर्णीच्या आत लपवलंय, कडी पानांआड. आज दळण आणायला निघालो तर मलाच सापडेना. वेलीत हात घालून चाचपत बसलो. शेवटी सरजाबाईनं पलीकडून फाटक वाजवलं. "हितं हाय वो फाटक. माणसं कुंपणात चोराला अडकवतात, तुमी सवताच अडकलाव." शरणम्मा ओट्यावरून बघत होती. मी हसून हसून खाली बसलो.

१० ऑगस्ट
शरणम्माची मराठी गळत चाललीय. त्या जागी माहेरची कानडी वर येते. भालकीकडची ती, उदगीरच्या पुढं. लग्न होऊन आली तेव्हा आमच्या आईनं बजावलं होतं, "हितं मराठीच बोलायची." तेव्हापासून कानडी बंद. म्हणून मलाही येत नाही.

आज पानांवरून हात फिरवत म्हणाली, "बेली चलो आगेद."
चलो म्हणजे चांगलं, एवढं मला कळतं. आणि बेली म्हणजे वेली! वेली चांगल्या झाल्यात म्हणते! वही, शाळेत एवढं कौतुक झालं असतं तर मी चौथीत शाळा सोडली नसती.

आता मीही तेच म्हणतो. चहा पिताना, जेवताना. ती म्हणते बेली चलो, मी म्हणतो बेली चलो. दोघं हसतो.

२४ ऑगस्ट, रविवार
महांतेश आणि सून वर्षाराणी आले. महांतेश परसात उभा राहिला आणि त्याचा आवाज चढला. "आप्पा, केलंच न्हाई ना कुंपण? वर्षा, आईची पिशवी भर."

 कसंबसं म्हटलं, सरळ पुढं चालत जा की. गेला तरातरा, दोडक्यात शिरला, आणि नाक जाळीवर! वर्षाराणी तोंडाला रुमाल लावून हसायला लागली. "मामा जिंकले."

महांतेश नाक चोळत परत आला. "राहू द्या आईला हितंच."

दोडक्याची भाजी झाली. दोनदा वाढून घेतली त्यानं.

३१ ऑगस्ट
मेव्हणा मल्लिकार्जुन भालकीहून बहिणीला भेटायला आला होता. दुपारच्या गाडीनं गेला. जाताना ऐटीत त्याला परस दाखवलं. म्हटलं, तुमची बहीण रोज म्हणते बघा, बेली चलो आगेद.

त्यानं वेल बाजूला सारून आतली जाळी बघितली. मग म्हणाला, "दाजी, बेली म्हणजे वेली न्हाई. कानडीत बेली म्हणजे कुंपण."

१ सप्टेंबर
सकाळी तिचा हात धरून फाटकाशी नेलं. मी पानं चाचपायच्या आत तिचा हात कडीवर होता. फाटक सताड उघडलं. विचारलं, काढून टाकू का हे सगळं?

बराच वेळ रस्त्याकडं बघत राहिली. मग फाटक ओढून घेतलं, कडी लावली, वरून गोकर्णीची फांदी नीट सारली. म्हणाली, "इरली."

शब्द मल्लिकार्जुनला मोबाइलवर पाठवलाय. मला वाटतंय, 'राहू दे' असंच असेल. पण मागच्या वेळीही मला वाटलंच होतं. मल्लिकार्जुना, लवकर कळव बाबा.