तीन घाव आणि एक थांबा

हागेन, ३ मार्च २०१४

चि. इंगो यास,
अ. उ. आ.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. ‘गेझेंक’ला पंचवीस वर्षं झाली म्हणून तू मागितलेला बँडचा इतिहास सोबत आहे. कारखान्याच्या न्हाणीघरातला पहिला कार्यक्रम, पोलंडच्या सीमेवर जप्त झालेली लोखंडी पिंपं, उवेने भांडून सोडलेले ड्रम, तुमचा सात वर्षांचा अबोला. कोण कधी आलं, कोण कधी गेलं, सगळं तारखांसह. तुझं ‘अमेरिका दणाणून सोडली’ मात्र गाळलं. क्लीव्हलंडला साठ माणसं होती, माझ्या वहीत आकडा आहे.

आता रागाचं. पहिल्या रेकॉर्डची नवी आवृत्ती ऐकली. थांबा कुठे गेला? कारखान्यातला बाबांचा यांत्रिक घण तीन घाव घालून थांबायचा. मी तेव्हा टेपरेकॉर्डर धरून शेजारीच उभी होते. त्यांचे जोडीदार हिक्मेतकाका सांडशीने घणाखालचा लालभडक लोखंडी तुकडा फिरवायचे, आणि त्यांचा हात बाहेर आला हे पाहूनच बाबा पुन्हा पायाने कळ दाबायचे. एकतीस वर्षं. काका गेले तेव्हा त्यांची दहाच्या दहा बोटं शाबूत होती. त्या थांब्यावर तुमचा सगळा बँड उभा राहिला, आणि तुम्ही तोच पुसून टाकलात!

बाबांना न विचारता तुमच्या रेकॉर्डसाठी तो आवाज टेपवर घेतला मीच, तेव्हा मीही धुतल्या तांदळासारखी नाही. पण निदान होता तसा घेतला. चौदा तारखेला छपाईला जायच्या आत थांबा परत घाल.

लोभ आहेच, सध्या उकळतो आहे.
तुझी,
आंके


बर्लिन, ६ मार्च

ती. आंकेताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझी ती वही मी एक दिवस जाळणार आहे. क्लीव्हलंडला सत्तर होते.

त्या लंगड्या ठेक्यावर नवा ड्रमर वाजवू शकत नाही. थांबा दर वेळी वेगळा, कधी लांब, कधी आखूड. म्हणून संगणकावर सरळ केला: चार घाव, सारखे. आता छाती हादरते. तू कॉलेजात शिकवतेस, तुला खिळ्यातही अर्थ दिसतो. लोकांना दणका हवा असतो, ताई. आणि मोठी बहीण म्हणून दर वेळी मला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नकोस. पंचवीस वर्षं घसा फाडला तो मी, बाबांनी नव्हे.

पैज लाव. बाबांना नवी आवृत्ती ऐकव, आधी काही सांगू नकोस. त्यांनी आपला घण ओळखला, तर जुनं ठेवतो. नाही ओळखला, तर तू गप्प बसायचंस. आणि घडेल ते खरंखरं लिही. तुला खोटं लिहिता येत नाही, हा तुझा एकच गुण माझ्या कामाचा आहे.

बाबांना नमस्कार. राग निवला की थोडा लोभ पाठव.
तुझा,
इंगो


हागेन, ९ मार्च

चि. इंगो यास,
या वेळी आशीर्वाद फक्त बाबांचे.

काल दुपारी कॉफीच्या वेळी लावलं. त्यांना आता फारसं ऐकू येत नाही, म्हणून तळहात स्पीकरवर ठेवायला सांगितला. गाणं संपेपर्यंत त्यांनी तो हलवला नाही.

पैज तू जिंकलास. त्यांनी घण ओळखला नाही. हे लिहू नये असं दोनदा वाटलं, पण झालं ते असं.

मग त्यांनी विचारलं, कोण हा गाढव? मी म्हटलं, आहे असाच कुणीतरी. तर म्हणाले, एकटाच काम करतोय हा. समोर माणूसच नाही याच्या. आणि केकची बशी पुढ्यात ओढली. तो घण त्यांचाच आहे, हे सांगायचा धीर मला झाला नाही. तो भित्रेपणा माझा, तुझ्यावर ढकलत नाही.

थांब्याबद्दल ठरल्याप्रमाणे गप्प बसते. पण इतिहास मी लिहिला आहे आणि तो अपुरा राहिला होता. शेवटी एक ओळ वाढवली आहे. तिच्यासकट छाप, नाहीतर छापूच नकोस:

‘मार्च २०१४: पहिल्या दिवसापासूनचे सदस्य अल्फोन्स कोर्टमान (घण) आणि हिक्मेत सायगन (सांडशी) यांना गेझेंकमधून काढून टाकण्यात आलं.’

लोभाचं, ती ओळ छापून आली की बघू.
आंके