दार ओढून घेणारा चोर

१४ नोव्हेंबर

चि. भिंगरी,

आईचे अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं ठीक आहोत. माझे गुडघे कुरकुरतात, तुझे बाबाही कुरकुरतात; दोन्हींची सवय झालीय. तुझा फोन लागत नाही, म्हणून तुझ्या मैत्रिणीकडून पत्ता मिळवला. तिच्यावर रागावू नकोस. मी तिला अगदी भंडावून सोडलं होतं.

बातमी म्हणजे, आपल्या घरात अलार्म बसवलाय. गल्लीत ओळीने चोऱ्या झाल्या आणि बाबांनी मनावर घेतलं. सगळं बिनतारी आहे. दाराला एक पांढरी डबी, खिडक्यांना तशाच डब्या आणि आत कपाटाजवळ आकड्यांची पाटी. दार उघडलं की ती थोडा वेळ टिकटिक करते. तेवढ्यात आकडे दाबले तर ठीक, नाहीतर असा भोंगा होतो की कुंभकर्णही उठून बसेल. बाबांच्या मोबाइलवरही खबर जाते. सुरुवातीला बाबांनीच तो दोन-तीनदा वाजवला आणि प्रत्येक वेळी माझ्यावर ओरडले. मी म्हटलं, "आपल्या घरात आहे काय चोरण्यासारखं?" तर म्हणाले, "तू आहेस ना." इतक्या वर्षांच्या संसारात हे पहिलं कौतुक, तेही अलार्ममुळे.

मागच्या मंगळवारी मात्र तो खराच वाजला. आम्ही बाबांचे डोळे तपासायला गेलो होतो. डोळ्यांत औषध घातलेलं, त्यामुळे मोबाइल किंचाळला तसा त्यांनी तो माझ्या हातात कोंबला. 'समोरचे दार उघडले', एवढंच होतं. धावतपळत घरी आलो, तर शेजारचे ड्रायव्हरकाका हातात काठी घेऊन आपल्या पायरीवर उभे.

"चोर मुलगी होती हो वहिनी!" ते सांगू लागले. "तोंड दिसलं नाही, पण बारीक कापलेले केस, पाठीवर पिशवी. मी 'चोर, चोर' करून ओरडलो तशी पळाली. पण कमाल बघा, जाताना दार ओढून घेऊन गेली!"

आपलं दार कसं आहे, तुला सांगायला नको. मूठ वर उचलून हिसका दिल्याशिवाय ते लागत नाही. आलागेला पाहुणा ते अर्धवट उघडं टाकूनच जातो. त्या दिवशी ते नीट लागलेलं होतं. कुलपाला ओरखडासुद्धा नव्हता.

मी बाबांकडे पाहिलं नाही. ते म्हणाले, "मांजर असेल."

"अहो, मी माझ्या डोळ्यांनी पाहिली!" ड्रायव्हरकाका म्हणाले.

"मांजरच," असं म्हणून बाबा आत गेले.

भिंगरी, तू केस कधी कापलेस गं?

इतका वेळ इकडचं तिकडचं लिहीत बसले, कारण हे लिहायला हात धजत नव्हता. बँकेतली नोकरी सोडून तू बेकरी काढायला निघालीस, तेव्हा बाबा म्हणाले होते, "गेलीस तर पुन्हा या दारात पाऊल ठेवू नकोस." त्यानंतर तू पहिल्यांदा पाऊल ठेवलंस आणि दारच बोंब मारायला लागलं. वर काठी घेऊन शेजारी. तुला काय वाटलं असेल, हेच सारखं मनात येतं. पोरी, तो भोंगा तुझ्यासाठी नव्हता. तुझी शपथ.

दुसऱ्या दिवशी बाबांनी अलार्मवाल्याला बोलावलं. त्याने कुलूप पाहिलं आणि म्हणाला, "काका, किल्ली बाहेर कुणाकडे तरी आहे. आधी कुलूप बदला."

"कुलूप चांगलं आहे."

"अहो, पण किल्ली..."

"असू दे."

मग त्यांनी त्याच्याकडून टिकटिक करायचा वेळ वाढवून घेतला. अलार्मवाला वैतागला. "एवढ्या वेळात चोर चहा करून पिऊन जाईल!"

"माणसाला चपला काढायला वेळ लागतो," बाबा म्हणाले.

मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून रडून घेतलं. त्यांना सगळं कळलंय, पण बोलायचे नाहीत. सुंभ जळेल पण पीळ जळणार नाही. आणि तूही त्याच सुंभाची.

आकडे पत्रात लिहीत नाही. ज्या स्कूटरवरून बाबा तुला शाळेत सोडायचे, तिचा नंबर. तो त्यांनीच ठरवला. माझा वाढदिवस ठेवा म्हटलं तर म्हणाले, "तो कुणाच्या लक्षात राहतो?"

तू ये. आम्ही घरी असलो तरी ये, नसलो तरी ये. बेकरी चालते की नाही, तुझं बरं चाललंय की वाईट, काहीही विचारणार नाही. म्हणजे मी विचारीनच, पण जेवल्यावर. मला तुला डोळे भरून पाहायचंय.

दाराकडे कान लावून बसलेली,
तुझी आई

ता. क. पाकीट बंद करताना बाबा आले. कुणाला लिहिलंय, विचारलं. मी सांगितलं. पत्र वाचलं नाही, पण पेन मागून घेतलं. खालचं अक्षर त्यांचं आहे.

आकडे चुकले तर भोंगा होईल. होऊ दे. तू पळू नकोस.
बाबा