वासाचं साबण

बा, तुझी पणती परदेशात डॉल्फिन मोजायले गेली आहे. डॉल्फिन म्हणजे काय, हे तुले सांगावं लागन. समुद्रात राहते, म्हशीच्या वगारीएवढं असते, मासोळीसारखं दिसते पण मासोळी नाई. पिल्लाले दूध पाजते, दम घ्यायले वर येते अन् फुस्सकन पाणी उडवते. ग्रीस नावाचा देश आहे, तिथल्या एका बेटावर दोन महिने राहायचं, होडीतून ते जनावर पाहायचं अन् वहीत लिहायचं. पगार नाई. खायले पाव, झोपायले खाट, बस.

तिनं हे सांगितलं तेव्हा मी ऊर्जानगरच्या क्वार्टरात तांदूळ निवडून राह्यली होती. माझा पोरगा तिथी बिजलीघरात नोकरीले. त्यानं पोरीले एवढं शिकवलं, अन् ते म्हणते बिनपगारी काम करते. मी सूप आदळलं. म्हटलं, "याले बेगार म्हणते, बाई. माह्या बापानं जन्मभर केली. तू काऊन इतक्या दूर जाऊन करतं?"

ते हसली. "आजी, बेगार जबरदस्तीची असते. मी तर अर्ज करून मागून घेतली."

"मंग तू माह्या बापापेक्षा येडी."

जाताना पाया पडायले आली तं मी पाय वर घेतले. तुले माहीत आहे मी कशी खवट आहो.

आता दर रविवारी तिचा फोन येते. पहिल्याच रविवारी सांगे, डॉल्फिनच्या पाठीवर पर असते, त्याले खाचा असतात, प्रत्येकाच्या वेगळ्या. त्यावरून त्यायले वळखतात, नावं ठेवतात. मी म्हटलं, "त्यात काय मोठं? माहा बाप पाणमांजरं असेच वळखे." मंग म्हणे, "आजी, तू हे कधी सांगितलंच नाही."

सांगितलं नाई, खरं आहे.

वैनगंगेच्या डोहावर सकाळचं धुकं आहे. मी आठ-नऊ वर्षांची, डोंग्याच्या तोंडाशी बसली आहे, तू जाळं ओढून राह्यला आहे. काठावरून पाणमांजराची शिट्टी येते अन् पाण्यातून तीन डोके वर निघतात. कानफाटी, बांड्या शेपटीचा, अन् गळ्यावर पांढरा ठिपका असलेली ते म्हातारी. तू जाळ्यातली बारीक मासोळी त्यायच्याकडे फेकतं. "घ्या, तुमचा वाटा." घरी माय चिडे, लेकरं ताटावर बसून आहेत अन् हा मानूस पाणमांजरायले जेवू घालते. तू म्हणे, ते मासोळी घेरतात म्हणून आपल्या जाळ्यात येते. मंग एक दिवस जांभळीच्या मुळाखालचं त्यायचं बीळ तू मले दाखवलं. आत पिल्लं चिवचिवत होती. "पाह्यलं ना? आता तोंडात ठेव."

त्याच हिवाळ्यात शिकारीवाल्या सायबाचा डेरा पडला अन् तुले बेगारीत पाणी भरायले बोलावलं. सायबाचा खानसामा नदीवर आला. मी एकटीच होती. त्यानं गुलाबी कागदातलं वासाचं साबण माह्या हातात ठेवलं अन् गोड बोलून विचारलं, इथी पाणमांजर कुठी राहते? मी तोंड उघडलं नाई, बा. बोट दाखवलं.

तिसऱ्या दिवशी डेऱ्याच्या दोरीवर कातडी होती. अन् ते कातडी नदीत धुवायले तुलेच लावलं. कानफाटीचा कान तुह्या हातात आला असन. घरी आला तं तू मारलं नाई, वरडला नाई. माह्याजवळून वास आला तेवढ्यानं तुले समजलं. "फेकून ये ते." मी नदीवर गेली, परत आली, म्हटलं फेकलं.

दुसऱ्या दिवशी डोंग्यात बसायले गेली. "उतर. हाताले वास येते तुह्या. मासोळी येनार नाई." महिन्यानं गेली, तेच. दोन महिन्यानं गेली, तेच. माय म्हणे, "अवो, इतके दिस वास राह्यते का? पोरीवर कायचा राग धरला जी?" तू जाळं खांद्यावर टाकून चालला जाये. मंग लगन झालं, मी सासरी गेली. पोरगा रांगत होता तेव्हा तू गेल्याचा निरोप आला. त्या डोंग्यात मी पुन्हा बसली नाई. जन्मभर सगळ्यायले सांगत आली, माहा बाप मोठा डूख धरणारा होता.

मागच्या रविवारी पोरगी फोनवर म्हणे, "आजी, पिल्लं असतात ती जागा आम्ही कोणालेच सांगत नाही. टुरिस्ट लोक चॉकलेट देतात, गोड बोलतात, तरी नाही." मंग विचारलंच तिनं, "आपल्या डोहातली पाणमांजरं कुठी गेली?"

"पुरात वाहून गेली."

"आजी, पाणमांजर पुरात वाहत नाही. पोहते ते."

"तुले लई समजते," म्हटलं अन् फोन ठेवला.

पुढच्या महिन्यात येनार आहे. म्हणते, डोहावर घेऊन चल, तुह्या बापाची सगळी पाणमांजरं वहीत लिहून घेते. तीन नावं मी सांगीन. बीळ कोणी दाखवलं ते सांगनं होते का नाई, माहीत नाई. म्हणून आधी तुले सांगून पाहून राह्यली. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकली तेवढ्यात हा कागद भरला. पोस्टात टाकायचा नाई. तांदळाच्या डब्यात खाली ठेवीन.

एक राह्यलं. साबण मी फेकलं नव्हतं. छपराच्या कवेलूच्या सांदीत चिंधीत गुंडाळून ठेवलं होतं, रोज जरासं हाताले लावे. पुढच्या दिवाळीपर्यंत पुरवलं. लई चांगला वास होता. माय म्हणे इतके दिस वास राह्यते का. सरलं तेव्हा तुह्यापुढं हात करून म्हणायले पाहिजे होतं, घे, पाह्य, आता येत नाई. मी गेली नाई.

वास तुले रोज खराच येत होता, बा.