किसनभाऊच्या आईला गेलेलं लाल पत्र

जळगाव,
ता. ८ मार्च १९३६

तीर्थरूप नानामामांच्या पायांवर भाचा शालिग्राम याने दुरूनच ठेवलेलं डोकं मान्य करून घ्यावं.

इकडे मी खुशाल आहे. इतका खुशाल, की काल सहा बट्ट्या खाऊन सातवी खिशात घालून कामावर गेलो. थंडी सरल्यामुळे तुमचा दमा बसला असेल. मामींचं पित्त, धाकट्या लीलाधरची परीक्षा, शाळेचं गळकं छप्पर आणि गोठ्यातली भुरी म्हैस (अजून लाथ मारते की सुधारली?) या सगळ्यांची खुशाली सवडीने कळवावी. पांझरेला पाणी किती राहिलं आहे तेही लिहावं. पत्रास कारण असं, की तुमच्या भाच्याने एक अचाट विजय मिळवला आहे आणि तो समजेल असा माणूस जळगावात एकही नाही. तुम्ही बत्तीस वर्षं व्याकरण शिकवलंत. तुम्हांला सांगितल्याशिवाय मला झोप यायची नाही.

तर मी ज्या जपानी कापूस कंपनीच्या प्रेसमध्ये रुई दाबून बांधलेल्या गठाणींवर नंबर घालतो, तिथे किम नावाचा एक कारकून आहे. तिशीतला, अबोल माणूस. हमाल मंडळींनी आठ दिवसांत त्याचा किसनभाऊ करून टाकला आणि तोही बिचारा ओ देऊ लागला. मागल्या हंगामात माझ्या डोक्यात आलं, की आपण जपानी शिकावं, दुभाषी व्हावं, टेबलखुर्ची पटकवावी. म्हणून मी किसनभाऊला म्हटलं, तुमची भाषा मला शिकवा. (मोडक्या हिंदीत म्हटलं. आम्हां दोघांचं त्याच शिदोरीवर चालायचं.) दुसऱ्या दिवसापासून तो शिकवू लागला. चार महिने मी घोकंपट्टी केली. मग एके दिवशी धीर करून मॅनेजरसाहेबांसमोर कमरेत वाकलो आणि पाठ केलेलं स्वागताचं वाक्य खणखणीत म्हटलं. साहेबांचा चेहरा बघून वाटलं, यापेक्षा अहिराणीत बोललो असतो तर बरं झालं असतं. नाना, किसनभाऊ जपानी नव्हताच, तो कोरियाचा! तिथेही राज्य जपान्यांचं, आणि कचेरीत त्याने स्वतःची भाषा तोंडातून काढलेली साहेबाला खपत नाही. (हे काय असतं ते आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.) सहा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्याला ‘तुमची भाषा शिकवा’ म्हटलं, तर त्याने आपली शिकवली. मी तावातावाने भांडायला गेलो आणि त्याच्यासमोर बसून रडून आलो. टेबलखुर्ची गेली ती गेलीच.

पण अर्ध्यावर सोडलं असतं तर प्रेसमधले सगळे फिदीफिदी हसले असते, शिवाय माझा हट्टी स्वभाव तुम्हांला ठाऊक आहे. म्हणून पुढचं शिकायला बसलो, आणि तिथे खरा घाम फुटला. आपण मराठी माणसं सगळा आदर पत्राच्या वरच्या ओळीत संपवून टाकतो. ‘तीर्थरूप’ लिहिलं, साष्टांग घातला, की खाली भांडायला मोकळे. ते लोक आदर वाक्याच्या शेपटाला बांधतात, आणि तोही प्रत्येक वाक्याच्या! वाक्य सुरू करताना निर्धास्त असावं आणि शेवटाकडे येऊ लागलं की छातीत धडधड व्हावी, कारण क्रियापद तिथेच बसलेलं, आणि समोर थोर, बरोबरीचा की धाकटा कोण आहे हे बघून त्याला ‘सुम्निदा’ लावायचं, का ‘हाओ’, का नुसतं ‘हेरा’, हे त्या क्षणी ठरवायचं. आईवडिलांना पत्र लिहायचं तर याहून वरची एक पायरी, ‘नाइदा’. वाक्याला ती लावली की वाक्य आपोआप हात जोडून उभं राहतं. आणखी एक ‘दॉरा’ म्हणून आहे. ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलंच सांगताना लावायचं, ऐकीव गोष्टीला नाही. (हे आपल्या कोर्टात सक्तीचं केलं तर निम्मे वकील घरी बसतील.) एक प्रकार असा, की वाक्य ‘आहे खरं, पण...’ असं म्हणून सोडूनच द्यायचं आणि पुढचं ऐकणाऱ्याने ओळखायचं. हा मला पहिल्या दिवशी आला, कारण मामी याच पद्धतीने तुम्हांला बाजारात पाठवतात.

कार्तिकात किसनभाऊला सायकल शिकण्याची दुर्बुद्धी झाली आणि उजवा हात मनगटाच्या वर मोडला. पहूरच्या हाडवैद्य चुडामण आबांनी तो बसवला, बांबूच्या कामट्या बांधल्या, आणि दोन महिने बोट हलवायचं नाही म्हणून दम भरला. इथून खरा घोर सुरू झाला. किसनभाऊची म्हातारी आई तिकडे समुद्राकाठच्या खेड्यात एकटी असते. तिला दर महिन्याला पत्र जायचं. थोरला मुलगा जपानात कोळशाच्या खाणीत होता. त्याची पत्रं अशीच एकाएकी थांबली आणि मग तो गेल्याची बातमी आली. तेव्हापासून धाकट्याचं पत्र चार दिवस उशिरा पोचलं तरी ती जेवण सोडते. डाव्या हाताने लिहावं तर वेडीवाकडी अक्षरं बघून म्हातारी धसका घेणार. किसनभाऊ नुसता त्या कामट्यांकडे बघत बसला होता. मी म्हटलं, मी लिहितो.

नाना, ते पत्र मी सात वेळा लिहिलं. हात मोडलाय, पण बरा होतोय, एक मित्र लिहून देतोय, एवढंच किसनभाऊला सांगायचं होतं. त्यातही आमची खडाजंगी झाली, कारण तो घरगुती शेपटांवर भागवायला बघत होता आणि मला प्रत्येक वाक्य नाइदापर्यंत चढवायचं होतं. दुसऱ्याची आई आहे, मी तिच्याशी सलगी कशी करू? शेवटी तो हात वर करून (एकच) शरण आला. रविवारी सकाळी मी पक्की प्रत काढली. एकही खाडाखोड नाही. मग मनात आलं, इतकं सुरेख पत्र, आणि ते असं कोरडं पाठवायचं? तुम्हीच मला लहानपणी सांगितलं होतं, की शुभ पत्राला कुंकू लागलं पाहिजे, नाहीतर वाचणाऱ्याला शंका येते. म्हणून किसनभाऊचं नाव मी खास कुंकू कालवून लाल अक्षरांत लिहिलं, कागदाच्या चारही कोपऱ्यांना कुंकवाची बोटं लावली, नमस्कार केला आणि त्याला न दाखवताच पेटीत टाकलं, म्हटलं उगाच भिडेखातर नको म्हणेल.

सोमवारी बेबाबाईंच्या खानावळीत जेवताना मी ही माझी करामत त्याला मोठ्या फुशारकीने सांगितली. त्याचा घास हातातच राहिला. त्यांच्याकडे, नाना, लाल शाईने नाव लिहितात ते मेलेल्या माणसाचं. थोरल्याचं नावही त्या माउलीने गावच्या नोंदवहीत तसंच लाल झालेलं पाहिलं होतं.

मी पानावरून उठलो तो तसाच खरकट्या हाताने पोस्टात पळालो. पोस्टमास्तर बन्सीलाल म्हणाले, डाक कालच मुंबईला गेली, आणि गेली नसती तरी पेटीत पडलेलं पत्र मी परत दिलं नसतं. मी त्यांचे पाय धरले. (उजवा हात बरबटलेला होता, ते त्यांना आवडलं नाही.) त्यांनी तारेचा फॉर्म पुढे केला. पण तार म्हटली की आपल्याच गावात बायका पाकीट फोडायच्या आधी गळा काढतात, आणि माझ्यामागे धावत आलेला किसनभाऊ म्हणाला, थोरल्याची बातमीही तारेनेच आली होती. तेव्हा तिथेच बाकावर बसून काळ्या शाईत दुसरं पत्र लिहिलं. मुलगा जिवंत आहे, चांगला जेवतो, लाल रंग ही एका मूर्ख माणसाची चूक आहे. (इथे मी स्वतःसाठी सर्वांत खालचं शेपूट वापरलं.) मग बन्सीलाल यांनी हिशेब मांडून सांगितलं, की आगबोट पंधरा दिवसांनी एकच सुटते, म्हणजे दोन्ही पत्रं एकाच बोटीने जाणार आणि एकाच दिवशी पोचणार. आधी कोणतं फोडायचं ते त्या बाईच्या हातात.

पुढचे तीन महिने मी कसे काढले ते मला विचारू नका. किसनभाऊ मला एका शब्दाने बोलला नाही, त्यापेक्षा दोन मुस्कटात दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी गठाणींवर चुकीचे नंबर घातले, धरणगावचा माल मुंबईऐवजी परत धरणगावला धाडला. अन्न जाईना. रोज डोळ्यांपुढे ती अनोळखी म्हातारी यायची, लाल नाव हातात धरलेली. बेबाबाई ताट तसंच बघून म्हणायच्या, “जेव रे भाऊ. ती माय शे, तिले बठ्ठं समजस.” आईला सगळं कळतं एवढ्या भरवशावर त्या निवांतपणे पुन्हा भाकरी थापायला बसायच्या आणि मी पाणी पिऊन उठायचो.

आणि परवा शुक्रवारी पत्र आलं! किसनभाऊने ते माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, तू वाच. मी रुईच्या ढिगाशी उभा राहून मोठ्याने वाचू लागलो. तिने लाल पत्रच आधी फोडलं होतं, नाना. नाव दिसलं आणि ती अंगणात मटकन खाली बसली. पण बसता बसता बोटाला लाल भुकटी लागली. शाईची भुकटी होत नाही, म्हणून तिने कागद उलटून पाहिला, तर चारही कोपऱ्यांना कुणाच्या तरी बोटांचे ठसे. तिने स्वतःचं बोट त्यांवर ठेवून पाहिलं. तिने लिहिलंय, मेल्याची बातमी लिहिणारा माणूस घाईत असतो, तो कोपरे सजवत बसत नाही. हे कुणीतरी प्रेमाने केलंय, आणि कशासाठी ते मला ठाऊक नाही, पण माझा मुलगा जिवंत आहे. मग तिने चूल पेटवली, जेवली, आणि जेवण झाल्यावर काळं पत्र फोडलं. मूर्ख माणसाबद्दल वाचून ती इतकी हसली म्हणे, की शेजारीण धावत आली.

पुढे जे आहे त्यासाठी हा सारा प्रपंच. ती लिहिते, की पत्रात एकही शेपूट चुकलेलं नाही, माझ्या दोन्ही मुलांनी जन्मात मला इतकं नीट लिहिलं नव्हतं, आणि या माणसाला शिकवणारा पंडित कोण आहे? किसनभाऊ ओरडला, मीच! मीच! आणि मोडक्या-जोडक्या हाताने मला मिठी मारून त्या रुईच्या ढिगात पडला. हमाल धावले, त्यांनाही आनंद झाला (कशाचा ते न विचारता), कुणीतरी ढोलकी आणली, बेबाबाईंनी वरण-बट्टीचा घाट घातला, आणि मॅनेजरसाहेब खिडकीतून बघत असताना तुमचा भाचा कापसात लोळत, भर कचेरीच्या दारात, वरच्या पट्टीत कोरियन बोलला. साहेबांनी खिडकी लावून घेतली. सर्व भाषांच्या सर्व परीक्षांत मी पहिला आलो असतो तरी एवढं सुख झालं नसतं.

असो. थोरांना नमस्कार, लहानांना हवा तेवढा धाक, आणि म्हशीला माझ्या वतीने एक पेंढी जास्त.

तुमचा विजयी भाचा,
शालिग्राम

ता. क. किसनभाऊचा हात संक्रांतीलाच बरा झाला आहे. तरी यापुढे पत्रं मीच लिहिणार, कारण म्हातारीने तशी आज्ञा केली आहे. तो दिवसभर गाल फुगवून बसला होता. धुळ्याहून चांगली काळी शाई पाठवावी. काळीच.

दुसरा ता. क. मुख्य काम राहिलं. तिने मला विचारलं आहे, तुझी आई कशी आहे, आणि एका आईची दुसऱ्या आईला दोन ओळींची खुशाली हवी. मी काय उत्तर देऊ? मामलेदार कचेरीतली सरकारी नोकरी सोडून मी न सांगता इकडे निघून आलो, तेव्हापासून आई तुमच्याकडे राहते. दोन दिवाळ्या झाल्या, ती माझं नाव काढत नाही आणि मी तिला एक ओळ लिहिलेली नाही. सात समुद्रांपलीकडच्या बाईला सात-सात वेळा लिहिलं. वर मी म्हशीचीसुद्धा खुशाली विचारली आणि तिची विचारायला माझा हात धजला नाही. तेव्हा तुम्ही कागद घेऊन तिच्याजवळ बसा आणि ती सांगेल ते उतरवून पाठवा. मी त्याचं कोरियन करीन.

तिसरा ता. क. ती म्हणेल, मला काही सांगायचं नाही. तेव्हा सांगा, की तिकडे एक बाई त्याला ‘माझ्या लेकरा’ म्हणून लिहू लागली आहे. मग कागद पुरणार नाही, चार जास्त जवळ ठेवा. ज्या शिव्या देईल त्या व्याकरण न सुधारता जशाच्या तशा उतरवा, एकही गाळू नका. त्यांचं मी कोरियन करणार नाही. त्या माझ्या आहेत.